मोबाईलवरचा पूर आणि शिवारातला पूर

सप्टेंबर 2025 चा पाऊस मराठवाडा लवकर विसरणार नाही. सोयाबीन उभ्या जागी कुजले, कपाशीची बोंडे झाडावरच काळी पडली, नदीकाठची माती खरवडून गेली, विहिरी गाळाने भरल्या. 7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेव्हा राज्यातले बाधित क्षेत्र 68 लाख हेक्टरांच्या वर असल्याचे सांगितले गेले. हे आकडे सर्वांच्या कानावर आहेत. पण त्याच दिवसांत आणखी एक पूर आला होता आणि त्याची मोजदाद कोणी केली नाही. तो पूर मोबाईलवरचा.

गावचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप. प्रत्येकावर फोटो, व्हिडिओ आणि आवाजाचे संदेश धो धो येत होते. त्यातले काही त्याच तासाचे होते, काही दोन वर्षांपूर्वीचे. काही आपल्या शिवारातले, काही परराज्यातले. बऱ्याच संदेशांवर गावाचे नावच नव्हते. ज्यांच्या घरात पाणी होते त्यांची हाक आणि ज्यांच्या घरात पाणी नव्हते त्यांची हौस एकाच ओळीत उभी राहिली. कोणती हाक आधी ऐकायची हे तहसीलला कळेना आणि गावालाही कळेना.

आज या विषयावर लिहायचे कारण एवढेच की पाणी अंगावर आल्यावर बांध घालता येत नाही. तो उन्हाळ्यातच घालावा लागतो. मोबाईलवर येणाऱ्या माहितीलाही असाच बांध घालायची वेळ आली आहे.

जुनी अडचण आणि नवी अडचण

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-धाराशिवकडची गावे मातीखाली गेली. त्या वेळी गावात मोबाईल नव्हता. साधा फोनही गावात एखाद्याच ठिकाणी असायचा. कोणते गाव किती पडले, कुठे माणसे ढिगाऱ्याखाली आहेत, हे प्रत्यक्ष तिथे पोचल्याशिवाय कळत नव्हते. बातमी मिळत नाही, ही त्या काळची अडचण होती.

आज अडचण उलटी झाली आहे. बातमी मिनिटात निघते, पण ती खरी किती, कुठली आणि आत्ताची आहे की कालची, हे ठरवता ठरवता वेळ जातो. संकटात वेळ हीच खरी संपत्ती. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण पोहरा फुटका आहे, अशातली गत. हा पोहरा दुरुस्त केला तर याच मोबाईलमधून अधिकाऱ्याला निर्णय घेता येईल असे बरेच काही बाहेर काढता येते. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. थोडी शिस्त लागते.

"साहेब, लय पाऊस झाला"

ग्रुपवर नेहमी येणारा संदेश बघा. "साहेब, लय पाऊस झाला, ढगफुटी झाली, सगळं वाहून गेलं, लवकर या." यातला शब्द न् शब्द खरा असेल. पण एवढ्यावर तहसीलदार काय करणार? कुठे जायचे? नाव, बोट, ट्रॅक्टर की रुग्णवाहिका, काय पाठवायचे? पाणी वाढते आहे की उतरते आहे?

आता दुसरा संदेश बघा. "मळ्याची वस्ती, गट नंबर अमुक, ओढ्याच्या पलीकडे. सकाळी 7 वाजता. सहा माणसे, चार जनावरे. पाणी कमरेइतके, अर्ध्या तासात वीतभर वाढले. रस्ता बंद. मी स्वतः पाहिले." खाली पाठवणाऱ्याचे नाव. लिहायला दोन मिनिटे जास्त लागतात, पण या संदेशावर माणूस पाठवता येतो. कुठे, केव्हा, किती आणि कोणी पाहिले, ही चार उत्तरे ज्यात आहेत तो संदेश कामाचा. बाकीचा नुसता गलका.

"ढगफुटी" या शब्दाचेही तसेच. हवामान खात्याच्या हिशेबाने लहानशा भागात एका तासात 100 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तर ती ढगफुटी. आपण मात्र मोठी सर आली की ढगफुटी म्हणतो. दहा गावांनी ढगफुटी लिहिली तर ज्या गावावर खरोखर ढग फुटला ते त्या दहात हरवून जाते. लांडगा आला रे आला, असे व्हायला वेळ लागत नाही.

त्यापेक्षा आकडा पाठवा. महसूल यंत्रणेत 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी मानतात आणि हा पाऊस महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर मोजला जातो. 2017 पासून महावेध प्रकल्पात मंडळोमंडळी स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. पण एका मंडळात गावे अनेक आणि केंद्र एक. पाऊस काही गावाची हद्द विचारून पडत नाही. यंत्राच्या गावात 40 मिलिमीटर आणि चार कोसांवर शंभरावर, असे होते. 2025 च्या पॅकेजच्या वेळी 65 मिलिमीटरची अट आड येऊ दिली नाही, हे योग्यच झाले. पण दर वर्षी अट सैल होईल या भरवशावर बसता येत नाही.

यावर गावाच्या हातातला उपाय सोपा आहे. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा घ्या. झाड, भिंत, पत्रा यांपासून दूर उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठ वाजता आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा. साडेसहा सेंटीमीटर पाणी म्हणजे 65 मिलिमीटर पाऊस. मोजून झाले की डबा रिकामा करा आणि आकडा वहीत लिहा, ग्रुपवर टाका. हा आकडा सरकारी नोंदीच्या जागी बसणार नाही, हे खरे. पण मंडळाचे यंत्र 40 दाखवत असताना पाच गावांच्या पाच डब्यांत 90 ते 110 पाणी असेल, तर त्या भागात आधी माणूस पाठवायला कोणत्याही तहसीलदाराला ते पुरेसे कारण आहे. एका गावाचा डबा चुकेल, पाच गावांचे पाच डबे एकाच दिशेने चुकत नाहीत.

नदीकाठच्या गावांनी पाण्याची पातळीही अशीच कळवावी. घाटाच्या पायऱ्या मोजून ठेवा किंवा पुलाच्या खांबावर फुटाफुटाने रंगाचे पट्टे ओढा. "पाणी फार वाढलं" यापेक्षा "सकाळी 6 ला सातवी पायरी, 7 ला दहावी पायरी" हे दोन संदेश खालच्या गावाला जास्त सांगून जातात. तासाला तीन पायऱ्या चढते म्हटल्यावर मोटार काढायला किती वेळ आहे ते शेतकऱ्याला बरोबर कळते.

फोटो बोलतो, पण खोटेही बोलतो

फोटो आला म्हणजे पुरावा आला, असे आपण धरून चालतो. ते तितके खरे नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि मोबाईलने त्यात मुळात नोंदवलेले ठिकाण व वेळ गळून पडते. समोरच्याला फक्त चित्र दिसते. पाण्यातली कपाशी 2025 ची असो की 2021 ची, सारखीच दिसते. म्हणून फोटोवरच तारीख, वेळ आणि ठिकाण छापणारे कॅमेऱ्याचे ॲप वापरा, नाही तर फोटोखाली हे तीन शब्द हाताने लिहा. एक फोटो जवळून, एक लांबून घ्या. लांबच्या फोटोत विहीर, देऊळ, विजेचा खांब, टेकडी असे काहीतरी ओळखीचे दिसू द्या. पाठवलेला फोटो पुसून टाकू नका, मूळ फोटो मोबाईलमध्येच राहू द्या.

संकट काही फक्त पुराचेच नसते. 2018 मध्ये देशात शिरलेल्या अमेरिकन लष्करी अळीने 2019 च्या खरिपात आपल्याकडच्या मक्याला घेरले, ते आठवत असेल. आपला जिल्हा मक्याचा. अशा वेळी शेतकरी पोंगा खाल्लेल्या झाडाचा फोटो पाठवतात. पण पोंगा खोडकिडाही खाते. नुसत्या पोंग्यावरून निदान होत नाही. अळीच्या डोक्यावरची उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात बसलेले चार काळे ठिपके दिसतील असा जवळचा फोटो पाठवला, तर घरबसल्या ओळख पटते. दहा गावांतून एकाच आठवड्यात असे फोटो आले की कोणत्या पट्ट्यात किडीचा जोर आहे तेही कळते. कृषी विभागाचा क्रॉपसॅप प्रकल्प 2009-10 पासून कीड सर्वेक्षणाचे काम करतो. त्यात ठरलेल्या शेतांत ठरलेल्या पद्धतीने मोजणी होते. शेतकऱ्यांचे फोटो त्या मोजणीची जागा घेणार नाहीत, पण मोजणीसाठी पुढचे पाऊल कुठे टाकायचे ते सांगतील. संदेश दिशा दाखवतो आणि खात्री शेतात जाऊनच होते, हा नियम पुराला लागू तसाच किडीलाही लागू.

अफवेची किंमत

माहिती चाळली नाही तर काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होते. त्याच्या आदल्या महिन्यात आपल्याच जिल्ह्यात वैजापूर तालुक्यात चोर समजून दोघांचा जीव घेतला गेला. त्यानंतर त्याच वर्षी व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. 2020 पासून फार वेळा ढकलला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही खूण दिसली की समजावे, पाठवणाऱ्याने हे स्वतः पाहिलेले नाही. ऐकीव ते ऐकीवच.

जीव गेला नाही तरी संसार जातो. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, अशी आवई उठली. पशुसंवर्धन खाते कानीकपाळी ओरडत राहिले, पण भाव कोसळायचा तो कोसळला. कर्ज काढून शेड उभारलेल्या पोरांवर पक्षी मातीमोल विकायची पाळी आली, काहींनी तर फुकट वाटले. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा दुधाबद्दल अशाच गोष्टी पसरल्या. अफवा पसरवणाऱ्याचे काही गेले नाही, गेले ते शेतकऱ्याचेच. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 मध्ये खोटा इशारा देऊन घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद आहे. पण कायद्याआधी आपल्या बोटाला लगाम हवा.

जायकवाडीचेच उदाहरण घेऊ. 1976 साली पूर्ण झालेल्या या धरणाला 27 दरवाजे आहेत, 18 नेहमीचे आणि 9 आपत्कालीन. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस विसर्ग दोन लाख क्युसेकच्या पुढे गेला आणि पैठणच्या सखल भागातल्या लोकांना हलवावे लागले. 2006 मध्ये पैठणमध्ये पाणी शिरले होते, ती आठवण जुन्या माणसांना ताजी आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी. दरवाजे किती फुटांनी उघडले हा संदेश आपेगाव, हिरडपुरी आणि त्याखालच्या काठच्या शेतकऱ्याला जीव की प्राण असतो, कारण त्याची मोटार, पाइप आणि जनावरे काठावर असतात. पण कालचा संदेश आज फिरला तर? कालचे पन्नास हजार आज दोन लाख झालेले असतील, तर माणूस गाफील राहतो. कालचे दोन लाख आज पन्नास हजारांवर आले असतील, तर अंधारात मोटार काढायला उगाच नदीत उतरतो. विसर्गाच्या संदेशात तारीख, वेळ, क्युसेकचा आकडा आणि तो कोणत्या कार्यालयाने दिला हे नसेल, तर तो पुढे ढकलू नये. धरण फुटल्याची बातमी तर जिल्ह्याच्या 1077 या नियंत्रण कक्षाच्या नंबरवर विचारल्याशिवाय उच्चारूही नये.

ज्याची हाक येत नाही त्याचे काय?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ग्रुपवर जिथून जास्त संदेश येतात तिथेच जास्त नुकसान झाले, असे धरून चालले तर मोठा अन्याय होतो. 2012 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कवर सँडी नावाचे वादळ आदळले. त्या वेळचे संदेश नंतर अभ्यासकांनी तपासले, तेव्हा बहुतेक संदेश शहराच्या मधल्या, सधन मॅनहॅटन भागातून निघालेले दिसले. समुद्रकाठच्या ज्या वस्त्यांची खरी वाताहत झाली तिथून फार थोडे आले. तिथली वीज गेली होती, फोन बंद पडले होते आणि माणसे जीव वाचवण्यात गुंतली होती.

आपल्याकडे याहून वेगळे काय होते? वीज गेली की काही तासांत टॉवर बंद पडतो. कन्नड-सोयगावच्या डोंगरातल्या वाड्या, तांडे, शेतवस्त्या इथे एरवीसुद्धा रेंजसाठी टेकडीवर चढावे लागते. 31 ऑगस्ट 2021 च्या पावसात कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला होता. अशा रात्री खालच्या बाजारपेठेच्या गावातून शंभर फोटो येतील आणि वरच्या तांड्यावरून एकही येणार नाही. ज्याच्याकडे साधा फोन आहे, जी म्हातारी एकटी राहते, जे ऊसतोड कुटुंब गावातच नाही, त्यांचे नुकसान ग्रुपवर दिसत नाही. म्हणून अधिकाऱ्यांनी एक खूणगाठ बांधावी. रोज ज्या गावातून संदेश येतात आणि संकटाच्या दिवशी अचानक थांबतात, ते गाव आधी तपासावे. ग्रुपवर आले म्हणून आंधळे धावू नये आणि ग्रुपवर नाही म्हणून स्वस्थ बसू नये.

इतरांनी काय केले

इंडोनेशियाची राजधानी जकार्ता दर पावसाळ्यात तुंबते. तिथे 2014 च्या डिसेंबरात एक व्यवस्था सुरू झाली. त्यांच्या भाषेत पुराला "बंजिर" म्हणतात. ट्विटरवर कोणी हा शब्द लिहिला की त्याला लगेच उलट संदेश जाई, तुमच्याकडे पूर असेल तर ठिकाण आणि फोटो पाठवा. ज्यांनी ठिकाण पाठवले तेवढ्यांचीच नोंद नकाशावर दिसे आणि तो नकाशा तिथल्या आपत्ती कार्यालयाला व नागरिकांना सारखाच खुला असे. यातली युक्ती ध्यानात घ्या. गलक्यातून अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्यांनी ओरडणाऱ्यालाच नेमका प्रश्न विचारला.

केरळात 2018 च्या महापुरात सरकारने स्वयंसेवकांच्या मदतीने संकेतस्थळ उभारले आणि अडकलेल्यांची नोंद त्यावर घेतली. त्याचा उपयोग मोठा झाला. कोळी बांधवांनी आपल्या होड्या आणून हजारो जीव वाचवले. पण तिथे एक अडचणही दिसली. एकाच घराची मागणी पाच नातेवाइकांनी पाच वेळा नोंदवली, आणि सुटका झालेल्यांची नावे यादीतून निघाली नाहीत. मग ज्या घरातली माणसे कालच बाहेर पडली त्या घराकडे आज होडी जाई. यातून धडा असा की हाक नोंदवणे जितके महत्त्वाचे तितकेच "सुटका झाली, आता येऊ नका" हे नोंदवणेही महत्त्वाचे.

गावाने काय करावे

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांची पदनामे अलीकडे बदलली आहेत. पण गावात जुनीच नावे चालतात, म्हणून इथेही तीच वापरतो. येत्या पावसाळ्याआधी, 1 मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि ठराव करा.

पहिले काम, संकटाचा ग्रुप वेगळा करा. त्यावर सुप्रभात नको, वाढदिवस नको, राजकारण तर मुळीच नको. दुसरे, दोन माणसे नेमा, एक पुरुष आणि एक महिला. पोलीस पाटील, आशा ताई, शिकलेला पोरगा, बचत गटाची ताई, कोणीही चालेल, पण गावात राहणारे असावे. आलेला संदेश चार प्रश्नांवर तपासायचा, अर्धवट असेल तर पाठवणाऱ्याला लगेच फोन करून विचारायचे आणि पुरा झालेला संदेशच तालुक्याकडे द्यायचा. तिसरे, एक वही ठेवा. संदेश कधी आला, कोणाचा, खरा निघाला का, मदत पोचली का, हे त्यात लिहा. काम झाले की ओळीपुढे "पूर्ण" असा शेरा मारा आणि ग्रुपवरही तसे टाका. चौथे, शेतवस्त्या आणि तांड्यांची यादी करून प्रत्येकासाठी एक माणूस ठरवा. त्याचा फोन लागला नाही तर कोण जाऊन पाहणार, तेही आधीच ठरवा. पाचवे, मोबाईल बंद पडला तर मंदिर-मशिदीचा भोंगा आणि दवंडी आहेच. त्याला रेंज लागत नाही.

इशारा मात्र घ्यायचा तो अधिकृत ठिकाणचाच. विजेसाठी "दामिनी", एकूण आपत्तीसाठी "सचेत" ही सरकारी ॲप फुकट आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्लाही मिळतो. त्याचीच प्रत ग्रुपवर टाका, स्वतःचे दोन शब्द त्यात मिसळू नका.

एक समज दूर करायला हवा. ग्रुपवर फोटो टाकला म्हणजे अर्ज केला असे होत नाही. 2024 पर्यंत पीक विम्यात स्थानिक आपत्तीची पूर्वसूचना 72 तासांत द्यावी लागे आणि ग्रुपवर फोटो टाकून निर्धास्त राहिलेले शेतकरी पुढे हात चोळत बसत. खरीप 2025 पासून राज्यात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. सरकारी मदतीसाठी 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान पंचनाम्यात यावे लागते आणि ई-पीक पाहणीत पिकाची नोंद असावी लागते. ती कामे ज्या त्या ठिकाणीच करावी लागतात. संदेशाने पंचनामा लवकर येईल, पण पंचनाम्याचे काम संदेश करणार नाही.

आणि हे विसरू नका की संकटात चोरही जागे असतात. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सात-बारा यांचे फोटो कोणी ग्रुपवर मागितले तर देऊ नका. ते कागद थेट तलाठ्याच्या हाती द्या. "पीएम किसान" नावाची फाईल ग्रुपवर पाठवून लोकांची खाती साफ करण्याचे प्रकार राज्यात घडले आहेत. मदतीच्या यादीच्या नावानेही असे येऊ शकते. अनोळखी फाईल उघडू नका.

अधिकाऱ्यांसाठी चार शब्द

ग्रुपवर तक्रार आली की ती टाकणाऱ्याकडे रागाने पाहायची सवय आपल्या यंत्रणेत आहे. ती सोडायला हवी. गावाने पाठवलेला नेमका संदेश ही फुकट मिळालेली पाहणी आहे. आलेल्या संदेशाची पोच द्या, भले दोन शब्दांत द्या. उत्तर मिळत नाही असे दिसले की लोक तोच संदेश दहा ग्रुपवर टाकतात आणि गलका वाढतो. विसर्ग, पाऊस, बंद रस्ते यांची अधिकृत माहिती ठरलेल्या वेळी, तारीख-वेळेसह द्या. सरकारी आकडा उशिरा निघाला की तोवर बाजारात खोटा आकडा चालू झालेला असतो. पंचनाम्याचा क्रम ठरवताना गावचे डबे, पायऱ्या, फोटो जरूर बघा, पण कोणत्या गावाकडून काहीच आले नाही त्याचीही यादी टेबलावर ठेवा. आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे शेत पहिले, असे होऊ देऊ नका.

पुढचा पाऊस कसा असेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण त्या दिवशी आपल्या हातातल्या मोबाईलवरून काय निघेल, हे आपण आजच ठरवू शकतो. एक डबा, एक वही, दोन माणसे आणि चार प्रश्न, यासाठी निधीची वाट पाहावी लागत नाही. ग्रामसभेचा ठराव मात्र पावसाआधी व्हायला हवा.